फोन गेला, सिम गेलं, आणि ओटीपी मात्र त्याच नंबरवर

तुमची पोस्ट वाचली. परकं शहर, सोबत कोणी नाही, संध्याकाळी फोन गेला. मेल उघडायला गेलात तर कोड गेलेल्या फोनवर, बँकेला फोन लावला तर ओटीपी गेलेल्या सिमवर. आणि खाली निम्म्या प्रतिसादांत 'बाईने एकटीने जावंच कशाला' एवढंच. त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. पुरुषाचा फोन गेला तरी हीच गत होते. फक्त रात्रीच्या वेळी अनोळखी माणसाच्या फोनवर, गाडीवर, उपकारावर अवलंबून राहणं आपल्याला जास्त महागात पडू शकतं, म्हणून फोनशिवायची वाट आधीच तयार हवी. पुढच्या वेळी काय वेगळं करू आणि गेलेला फोन खात्याच्या यादीतून काढून टाकू का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. पासपोर्टची प्रत, प्रवास विमा, घरी कळवणं हे तुम्ही करत असालच, ते सोडून देते.

आधीच सांगते, मी बँकेत किंवा मोबाइल कंपनीत नाही. मेनूंची नावं फोनगणिक वेगळी असतात आणि नियम बँकेगणिक. स्वतःच्या बँकेला विचारून खात्री करा.

बँकेपासून सुरुवात करते, कारण मी स्वतः तिथेच पोळले आहे. नाव घेत नाही, पण माझ्या वेळच्या हेल्पलाइनवरचा माणूस एकच वाक्य घोकत होता: 'मॅडम, नोंदणीकृत नंबरवरून कॉल करा.' तो नंबर चोराच्या खिशात आहे, हे सांगून उपयोग नाही, कारण त्याच्या स्क्रीनवर तेवढीच चौकट असते. नंबर बदलायचा तर शाखेत समक्ष या, आणि शाखा दुसऱ्या देशात. बरं, हे सगळं ऐकवायच्या आधी त्याने सहज स्वरात विचारलं होतं, 'सगळी कार्डं ब्लॉक करू का?' घाबरलेला माणूस या प्रश्नाला 'हो' म्हणतो. झालं! हॉटेलातल्या बॅगेत सुखरूप असलेलं त्याच बँकेचं दुसरं कार्डही त्या 'हो'ने मेलं. ब्लॉक केलेलं कार्ड सहसा पुन्हा चालू होत नाही, नवं येतं, तेही घरच्या पत्त्यावर.

म्हणून दोन कार्डं पुरत नाहीत, दोन वेगळ्या बँकांची दोन कार्डं लागतात. जमलं तर एक व्हिसाचं, एक मास्टरकार्डचं. दोन्ही कधीच एका पर्समध्ये नकोत. हेल्पलाइनला स्पष्ट शब्दांत सांगायचं: 'अमुक अमुक शेवटचे चार आकडे असलेलं एवढंच कार्ड बंद करा, बाकीची चालू राहू द्या.' आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. हेल्पलाइनचा टोल फ्री नंबर परदेशातून बहुतेक वेळा लागतच नाही. परदेशातून लावायचा नंबर वेगळा असतो, आणि तो छापलेला असतो कार्डाच्याच मागे, जे तेव्हा आपल्याजवळ नसतं. निघण्याआधी तो कागदावर उतरवा. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांचीही जगभर मदत-सेवा आहे, आणीबाणीत रोख रक्कम किंवा तात्पुरतं कार्ड मिळू शकतं, पण त्यालाही होकार लागतो कार्ड देणाऱ्या बँकेचाच.

एक गोष्ट मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. परदेशात एटीएममधून पैसे काढायला सहसा ओटीपी लागत नाही. कार्ड आणि पिन, बास. म्हणजे त्या पहिल्या रात्री तुम्हाला तारणारी वस्तू मोबाइल ॲप नव्हे, तर वेगळ्या जागी ठेवलेलं दुसरं कार्ड आणि तोंडपाठ पिन. परदेशातल्या वापराची सोय त्या कार्डावर निघण्याआधी चालू केलेली हवी, कारण ती चालू करायलाही बहुधा ओटीपीच मागतात. (जाता जाता: मशीनने 'तुमच्या देशाच्या चलनात रूपांतर करू का' असं विचारलं तर नाही म्हणा आणि स्थानिक चलनच निवडा. होकार दिलात की दर मशीनवाला ठरवतो.)

आता सिम. फोनला बोटाचा ठसा, चेहरा, सगळं लावलेलं असतं, पण चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि ओटीपी तिथे सुखाने येतात. फोनचं लॉक सिमला लागू होत नाही. त्यासाठी सिम पिन वेगळा लावावा लागतो. अँड्रॉइडमध्ये तो सिक्युरिटीच्या मेनूत सिम लॉक म्हणून सापडतो, आयफोनमध्ये मोबाइल डेटाच्या मेनूत. लावताना आधी कंपनीचा मूळ पिन मागतो. इथे अंदाजाने आकडे मारत बसू नका. तीन वेळा चुकलं की सिम बंद होतं आणि आठ आकडी पीयूके (बंद सिम उघडायचा कोड) मागतं, तो दहा वेळा चुकला की सिम कायमचं निकामी. मूळ पिन आणि पीयूके कंपनीकडून आधी विचारून घ्या, पीयूके कागदावर लिहा आणि निघायच्या निदान आठवडाभर आधी हे उरका. पिन लावला की फोन बंद-चालू केल्यावर दर वेळी तो विचारला जातो. ते कटकटीचं आहे, पण सवय होते.

'ई-सिम (फोनमध्येच बसवलेलं, चकती नसलेलं सिम) घ्या, चोराला काढताच येत नाही' असं तुम्हाला कुणीतरी सुचवलंय. बरोबर आहे, पण अर्धंच. ते तुम्हालाही काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येत नाही. फोनसोबत ई-सिम गेलं की नवं घ्यायला कंपनीच्या ॲपमध्ये शिरावं लागतं, आणि ॲप विचारतं... ओळखलंच असेल.

माझ्या मते एकटीने फिरताना सगळ्यात भरवशाची रचना ही: बँकेशी जोडलेलं घरचं सिम एका जुन्या फोनमध्ये, सिम पिन लावून, आणि तो फोन खोलीत, सामानाच्या आत. रस्त्यावर नकाशा, फोटो, गप्पा यासाठी जो फोन हातात असतो, त्यात फक्त स्थानिक डेटाचं सिम किंवा ई-सिम. हातातला फोन गेला तर दुखेल, पण ओटीपी खोलीत शाबूत. तोटा इतकाच, की रस्त्यात उभ्या उभ्या मोठं ऑनलाइन पेमेंट करता येत नाही. मला विचाराल तर तो फायदाच आहे. दोन ठिकाणी फसायला होतं. घरच्या सिमवर रोमिंग निघण्याआधी चालू केलेलं नसलं तर एसएमएस येत नाहीत. आणि जुना फोन म्हणून बटणांचा टू-जी फोन उचललात तर अनेक देशांत त्याला नेटवर्कच मिळणार नाही. टू-जी, थ्री-जी पुष्कळ ठिकाणी बंद झालंय; ऑस्ट्रेलियात थ्री-जी २०२४ मध्ये संपलं. व्होल्टी, म्हणजे फोर-जीवरूनच कॉल लावायची सोय असलेला फोर-जी फोन लागतो.

मेलचं कुलूप त्याहून मोठं, कारण तिकिटं, विम्याची पॉलिसी, व्हिसाची प्रत सगळं त्याच्या आत असतं. गुगल खात्याला दोन-टप्पी पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक कोड) असेल तर सुरक्षेच्या पानावर बॅकअप कोड मिळतात, एका वेळी दहा, प्रत्येक आठ आकडी, प्रत्येक एकदाच चालणारा. नवा संच काढला की जुना रद्द होतो, म्हणून जुना कागद फाडून टाका. हे कोड त्याच खात्याच्या गुगल ड्राइव्हमध्ये जपून ठेवणारे लोक आहेत. किल्ली तिजोरीत ठेवून तिजोरी बंद करण्यातला तो प्रकार. पर्यायी मेलचंही तसंच: पहिल्या खात्याचा पर्याय दुसरं आणि दुसऱ्याचा पर्याय पहिलं, असं गोल फिरत असेल तर पर्याय नाहीच. ॲपलवाल्यांनी घरातल्या भरवशाच्या माणसाला रिकव्हरी संपर्क (खातं परत मिळवायला मदत करणारा) करावं आणि त्याचा नंबर विश्वासू नंबर म्हणून जोडावा. एकापेक्षा जास्त नंबर ठेवता येतात.

मग रंगीत तालीम. एखाद्या संध्याकाळी फोन बंद करून कपाटात ठेवा आणि दुसऱ्याच्या संगणकावर खासगी विंडोत मेल उघडून दाखवा. 'फोनवर सूचना पाठवली आहे' असं येईल, तिथे दुसरा मार्ग निवडून बॅकअप कोड टाका. एक कोड खर्च होईल, कागदावर तो खोडा. पासवर्डच आठवला नाही तर तो घरी आठवला नाही हे बरं.

आता तो कागद. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचे दोन, तंतोतंत सारखे. लेझर प्रिंट किंवा बॉलपेन, कारण इंकजेटची शाई घामाने फुटते आणि आठ आकडी कोडमधला ३ आणि ८ ओळखू येत नाही. घडी घालून झिपच्या छोट्या प्लास्टिक पिशवीत; एक कमरेपाशी कपड्यांच्या आतून टाचलेल्या सपाट खिशात, दुसरा सामानात. एका बाजूला: घरच्या दोघांचे नंबर देशाच्या कोडसकट (त्यातला एक पाठही हवा), बँकांचे परदेशातून लावायचे नंबर, कार्डांचे शेवटचे चार आकडे, विम्याचा पॉलिसी क्रमांक आणि चोवीस तासांचा नंबर, वकिलातीचा नंबर, फोनचा १५ आकडी ओळख क्रमांक, आयएमईआय (*#०६# दाबलं की दिसतो). दुसऱ्या बाजूला: बॅकअप कोड, पीयूके, रक्तगट, औषधांची ॲलर्जी, आणि मुक्कामाचा पत्ता स्थानिक लिपीत, जेणेकरून ड्रायव्हरला नुसता कागद दाखवता येईल. पत्ता मुक्काम बदलला की बदलायचा. कोडांशेजारी मेल आयडी लिहू नका, कार्डाचा पिन तर कुठेच नाही. त्याच पिशवीत एका रात्रीचा मुक्काम आणि मुक्कामापर्यंतचं भाडं एवढी रोकड.

फोन गेलाच तर पहिला तास. रस्त्यावर शोधत फिरू नका. उजेडातल्या, पगारी माणूस काउंटरवर असलेल्या जागी जा: हॉटेलचं रिसेप्शन, औषधाचं दुकान, स्टेशनची खिडकी. 'चला, मी सोडतो' म्हणणाऱ्याला 'तुम्ही इथूनच एक फोन लावून द्या' असं सांगा. खरोखर मदत करणारा माणूस फोन लावून देतो. एकटी आहे हे सांगायची गरज नाही. घरचे येताहेत म्हणा.

मग सिमला पिन असेल तर क्रम असा: फोन लॉक, कार्डं, सिम. पिन नसेल तर सिम सगळ्यात आधी बंद करा, कारण मग प्रत्येक मिनिटाला ओटीपी चोराकडे जात असतात. आयफोन ब्राउझरमधून ॲपलच्या 'फाइंड माय' या फोन शोधायच्या सेवेवर हरवला म्हणून नोंदवता येतो, त्यासाठी दुसऱ्या टप्प्याचा कोड लागत नाही. अँड्रॉइडला नुसत्या फोन नंबरवरून दुरून लॉक करता येतं, पण ती सोय आधी चालू करून ठेवलेली हवी. घाईने सगळं पुसून टाकू नका. अँड्रॉइड पुसला की त्याचा ठावठिकाणा कळणं बंद होतं. पोलिसांकडे नोंद त्याच दिवशी करा आणि तीत आयएमईआय लिहून घ्या. पुष्कळ पॉलिसींत २४ तासांची अट असते. उसन्या संगणकातून बाहेर पडताना लॉगआउट, आणि नंतर पासवर्ड बदला.

व्हॉट्सॲपला सहा आकडी पिन लावलेला नसेल तर आजच लावा. सिम हातात आलं की चोर तुमच्या नावाने घरी मेसेज टाकतो: 'अडचणीत आहे, लगेच पैसे पाठवा.' मुलगी परगावी एकटी आहे हे घरच्यांना माहीत असतं, म्हणून ते तपासत बसत नाहीत, पाठवतात. घरात एक प्रश्न ठरवून ठेवा ज्याचं उत्तर फोनमध्ये कुठेही नाही. आणि लाइव्ह लोकेशनवर विसंबू नका. बॅटरी संपली की ठिपका थांबतो आणि घरी रडारड सुरू होते. रात्री ठरलेल्या वेळी एक मेसेज. तो आला नाही तर दोन तासांनी मुक्कामाच्या जागी फोन. तिथेही पत्ता नसेल तर मग वकिलात, पोलीस. हे पायरी पायरीने लिहून दिलं की घरचे विनाकारण घाबरत नाहीत आणि गरज असते तेव्हा वेळही घालवत नाहीत.

पेपर स्प्रे सुचवणाऱ्यांसाठी एकच: तो विमानात केबिनमध्ये नेता येत नाही आणि ब्रिटनमध्ये नुसता जवळ बाळगणंही गुन्हा आहे. दाराखाली सरकवायची रबरी पाचर त्यापेक्षा कामाची, पण दार आत उघडणारं असेल तरच. गुळगुळीत फरशीवर ती घसरते, खाली ओलसर कापड घाला.

तुमचा दुसरा प्रश्न. गेलेला फोन खात्याच्या यादीतून काढू नका. तो तिथे आहे तोवर चोराला फोन नव्याने सुरू करता येत नाही, आणि विम्याचा दावा चालू असेल तर कंपनीलाही ती नोंद लागू शकते. 'तुमचा फोन सापडला, जागा पाहण्यासाठी लिंक उघडा' असा मेसेज तुमच्या किंवा घरच्यांच्या नंबरवर येईल, कारण हरवल्याची नोंद करताना दिलेला नंबर चोराला स्क्रीनवर दिसतो. ती लिंक पासवर्ड काढून घ्यायला असते. नंतर धमक्याही येतात. उत्तर देऊ नका, नंबर ब्लॉक करा. त्याच नंबरचं नवं सिम मिळालं की काही देशांत पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवतात, तेवढं धरून बँकेची कामं दुसऱ्या दिवशीच काढा.