परदेशवारीतून उरलेले चलन

प्रश्न : मुलाकडे दुबईला राहून आम्ही दोघे नुकतेच परतलो. ९४० दिरहमच्या नोटा आणि मूठभर नाणी उरली आहेत. ओळखीचे एक दुकानदार चांगला भाव देऊ म्हणतात. त्यांना द्यावीत का? विकण्याची मुदत किती?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : दुकानदार कितीही विश्वासू असले, तरी त्यांना देऊ नका. ‘फेमा’ या १९९९ च्या कायद्यानुसार परकीय चलनाचा व्यवहार रिझर्व्ह बँकेने परवाना दिलेल्या बँकेशी किंवा मनी चेंजरशीच करता येतो. मुदतीची मात्र चिंता नको. २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा जवळ ठेवता येतात, त्यापुढची रक्कम परतल्यापासून १८० दिवसांत विकावी लागते. एका डॉलरला ३.६७२५ दिरहम या स्थिर दराने तुमची रक्कम जेमतेम २५६ डॉलर भरते. पुन्हा मुलाकडे जाणार असाल, तर विकूच नका, असे मी आग्रहाने सांगेन, कारण आज कमी दराने विकून उद्या तेच दिरहम चढ्या दराने घेण्यात दुहेरी तोटा आहे. नाणी सहसा कोणी घेत नाही; ती ठेवण्यावर मर्यादाही नाही.

विकायचेच ठरले, तर बेळगावात दोन-तीन ठिकाणी फोन करून ‘तुम्ही दिरहम काय दराने घेता?’ असे स्पष्ट विचारा, कारण फलकावरचा मोठा आकडा बहुधा त्यांच्या विक्रीचा असतो. जीएसटी आणि सेवाशुल्क वजा जाता हातात नेमके किती रुपये पडतील, तेही विचारून घ्या. पासपोर्ट सोबत न्या आणि शिक्क्याची पावती घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.