आजोबा फुकट का खणत होते?

प्रिय चिनू,

सकाळी ट्राममध्ये तू विचारलंस आणि माझं ऑफिस आलं, म्हणून लिहून ठेवतोय. शाळेत सांगितलं की चर्चवाले गरीब देशांना मदत करतात, आणि आज्जी म्हणते गावाकडे पाणी अडवायला डोंगरावर चर खणायचे, त्याला जर्मनीचे पैसे आलेले, मग आजोबा फुकट का खणत होते?

आधी एक दुरुस्ती. पैसे चर्चचे नव्हते रे, जर्मन सरकारचे, म्हणजे टॅक्सचे. इथे फ्रँकफर्टलाच पाल्मेनगार्टनजवळ ती मोठी बँक आहे ना, केएफडब्ल्यू, तिच्यातून ते नाबार्डकडे, म्हणजे भारतातल्या शेतीसाठीच्या सरकारी बँकेकडे गेले आणि मग गावांकडे. पण हे सगळं जुळवलं ते एका फादरनी, हर्मन बाखर, स्वित्झर्लंडचे, जेझुइट नावाच्या कॅथलिक संघाचे, १९४८ ला भारतात आले आणि नगर जिल्ह्यातलेच होऊन गेले. १९९३ मध्ये गावांना शिकवायला वॉटर (WOTR) नावाची संस्था पण काढली. आजोबा सांगतात, सुरुवातीला लोक कुजबुजायचे की फादर आलाय म्हणजे बाटवणार. त्यांनी तर फक्त पाण्याचंच डोकं खाल्लं!

आता फुकटचं. ७२ च्या दुष्काळात आजोबांनी खडी फोडली आणि मिलो खाल्ला, अमेरिकेची लाल ज्वारी. मदत आली, खाल्ली, संपली, पुढच्या उन्हाळ्यात विहीर परत कोरडी. म्हणून या कामात अट होती की मजुरी मिळेल पण त्यातला काही भाग गावाने श्रमदान म्हणून सोडायचा. आपल्याकडे हे काही नवीन नव्हतं, इर्जिक असायचीच, म्हणजे एकाच्या शेतात सगळ्यांनी आपापले बैल घेऊन जायचं, दिवसात नांगरट उरकायची आणि त्याने सगळ्यांना जेवू घालायचं. इथे शेताच्या जागी अख्खा डोंगर होता, काम माथ्यापासून पायथ्यापर्यंत, वर चर, खाली बांध, म्हणजे पाणी पळत नाही, मुरतं. आणि स्वतः घाम गाळून घातलेला बांध फुटला तर माणूस सरकारची वाट बघत बसत नाही, कुदळ घेऊन जातो.

पण सगळं गोड नव्हतं हां. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पण होती. ज्यांना जमीन त्यांच्या विहिरीला पाणी, आणि ज्यांच्याकडे नुसत्या शेळ्या त्यांनी चारायला कुठे जायचं? मला हे अजून खटकतं.

आपल्या पण सहा शेळ्या विकल्या तेव्हा. रविवारी आज्जीला फोनवर विचार, ती आजोबांना अजून त्यावरून ऐकवते.

तुझा बाबा