गुलाबाची काडी, पेटंटची भीती आणि तुमची सही

प्रश्न (मावळ, जि. पुणे): पॉलिहाऊसमध्ये डच गुलाब लावला आहे. चुलतभाऊ काड्या मागतोय. रोपं देणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणतो, वाण पेटंटचं आहे, काडी बाहेर गेली तर केस होईल. खरं आहे का?

उत्तर: दादा, पेटंटचा धाक आधी मनातून काढा. भारतात झाडाला पेटंट मिळतच नाही. १९७० च्या पेटंट कायद्याने झाडं, त्यांचे भाग, बियाणं आणि वाणं हे सगळं पेटंटच्या बाहेर ठेवलं आहे. झाडाला पेटंट देण्याची पद्धत अमेरिकेची. तिथे १९३० साली तसा कायदा झाला आणि १९३१ मध्ये पहिलं पेटंट मिळालं ते गुलाबालाच, ‘न्यू डॉन’ नावाच्या वेली गुलाबाला. तिथे आजही पेटंट चालू असलेल्या गुलाबाची काडी परसात रुजवायची म्हटलं तरी मालकाची परवानगी लागते, विकायची नसली तरीही. मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. पण हे सगळं अमेरिकेच्या हद्दीत. कॅटलॉगवर छापलेला तिथला पेटंट नंबर मावळात कुणी दाखवला, तर त्याला इथे काही किंमत नाही.

आपल्याकडे त्याऐवजी २००१ चा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा आहे. वाण तयार करणारा दिल्लीच्या प्राधिकरणाकडे त्याची नोंदणी करतो. मग ते वाण तयार करणं, विकणं, वाटणं, आयात-निर्यात करणं हा हक्क त्याचा. मुदत पिकांना १५ वर्षं, झाडांना आणि वेलींना १८. गुलाब नोंदणीच्या यादीत आहे, त्यामुळे परदेशी गुलाबही इथे संरक्षित असू शकतो. पण इथे नोंदला असेल तरच. तेव्हा त्या माणसाला म्हणा, भारतातला नोंदणी क्रमांक दाखव. नुसतं ‘पेटंट आहे’ एवढ्यावर घाबरू नका.

नोंदणी निघाली, तरी याच कायद्याचं कलम ३९ तुमच्या बाजूचं आहे. संरक्षित वाणाचं बियाणंसुद्धा शेतकऱ्याला राखता, वापरता, पुन्हा लावता, अदलाबदल करता, वाटता आणि विकता येतं. बियाणं म्हणजे केवळ दाणा नाही. ज्यापासून तसंच झाड उभं राहतं तो भागही या कायद्यात बियाणंच, म्हणजे काडी आणि डोळाही (फांदीवरचा फुटीचा अंकुर) आला. मनाई आहे ती वाणाचं नाव छापलेल्या पाकिटातून, लेबल लावून विकायला. कलम ४२ प्रमाणे हक्काची कल्पनाच नसताना शेतकऱ्याकडून चूक झाली तर ती उल्लंघन धरत नाहीत. अर्थात हा सल्ला वाचून झाल्यावर तुम्हाला ‘माहीत नव्हतं’ म्हणायची सोय राहिली नाही!

आता खरी गोम. रोपं घेताना तुम्ही सही कशावर केलीत? डच गुलाबाच्या रोपांबरोबर अनेकदा करार असतो: दर रोपामागे रॉयल्टी, आणि त्यापासून नवीन रोपं करणार नाही, कुणाला देणार नाही अशी अट. कलम ३९ तुम्हाला वाण कायद्यापासून सांभाळतं, पण स्वतः मान्य केलेल्या अटीचा जाब करार म्हणून वेगळा विचारला जाऊ शकतो. बहुतेकांचा हा कागद बँकेच्या आणि अनुदानाच्या फाईलमध्ये कुठेतरी खाली दबलेला असतो. तो काढा, अटी वाचा, समजलं नाही तर वकिलाला दाखवा. तशी अट असेल तर भावाला काडी देऊ नका. त्याने स्वतःच्या नावावर रोपं घ्यावीत. तशी अट नसेल तर खुशाल द्या.

असे वाद कोर्टात कसे रेंगाळतात ते गुजरातेत दिसलं. चिप्सच्या बटाट्याच्या वाणावरून पेप्सिकोने तिथल्या शेतकऱ्यांवर दावे लावले आणि देशभर ओरड झाल्यावर मे २०१९ मध्ये मागे घेतले. नोंदणीचं भांडण मात्र पुढे चालूच राहिलं: २०२१ मध्ये प्राधिकरणाने ती रद्द केली, २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती पुन्हा कायम केली. कायदा बाजूने असला तरी तारखांना जाणं कुणाला चुकत नाही.

प्रश्न (शिरूर): मी ‘ग्लॅडिएटर’ गुलाबाची रोपं करून आठवडे बाजारात विकते. मला काही अडचण?

उत्तर: ताई, ‘ग्लॅडिएटर’ १९५५ च्या सुमाराचं वाण. त्यावर आता कुणाचा हक्क उरलेला नाही, बिनधास्त विका. फक्त खपावं म्हणून दुसऱ्या नोंदणीकृत वाणाचं नाव रोपाला लावू नका. त्याला तुरुंगवास किंवा ५० हजार ते ५ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

कायद्यापेक्षा तुम्ही काडीकडे जास्त लक्ष द्या. नुसत्या काडीवर वाढलेलं रोप बहुधा अशक्त राहतं. त्यापेक्षा रोझा इंडिका किंवा मल्टिफ्लोराच्या खुंटावर, म्हणजे मुळासाठी वाढवलेल्या जंगली गुलाबाच्या रोपावर, चांगल्या वाणाचा डोळा भरा (बसवा). काडी पेन्सिलएवढी जाड, फूल येऊन गेलेल्या फांदीची घ्या. डोळा भरलेल्या जागेच्या खालून येणारा फुटवा खुंटाचा असतो. त्याची काडी घेतलीत तर गिऱ्हाइकाच्या दारात जंगली गुलाब फुलेल. मुळाशी किंवा खोडावर गाठी दिसल्या, फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत वाळत असल्या, तर त्या झाडाची काडी कुणालाच देऊ नका. कात्री दर झाडानंतर स्पिरिटने पुसा.

प्रश्न (सातारा): मुलगा न्यू जर्सीत असतो. येताना तिथल्या लाल गुलाबाच्या काड्या बॅगेतून आणू म्हणतो.

उत्तर: आणू नयेत. २००३ च्या वनस्पती संगरोध (परदेशी रोग-कीड रोखण्याच्या) आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि तिकडचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र नसेल तर काड्या विमानतळावरच जप्त होतील. शिवाय वाण पेटंटचं असेल तर परवानगीशिवाय रोप करणं तिथे गुन्हा नसला, तरी दावा लागू शकतो. लाल गुलाबच हवा असेल तर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा ‘पुसा अरुण’ लावून बघा.