आयन शिकताना आधी एवढंच पक्कं कर

बाळा, मराठी शाळेतून पीयूसीला (कर्नाटकातली अकरावी-बारावी) आलास आणि 'कॅटायन', 'अ‍ॅनायन' ऐकून धास्तावलास. शब्द नवे आहेत, गोष्ट तीच: धन आयन, ऋण आयन. आयन म्हणजे इलेक्ट्रॉन देऊन किंवा घेऊन प्रभार आलेला अणू. आपल्या खानापूर-निपाणीकडची पुष्कळ मुलं इथंच अडखळतात. दोन्ही नावं शेजारी-शेजारी लिहीत जा, महिन्याभरात सवय होते.

सुरुवात सोडियमपासून कर. त्याच्या कक्षांमधल्या इलेक्ट्रॉनची मांडणी २, ८, १. शेवटचा इलेक्ट्रॉन दिला की उरले ११ प्रोटॉन, १० इलेक्ट्रॉन, म्हणजे प्रभार +१. क्लोरीन २, ८, ७. तो एक घेतो, १७ प्रोटॉन आणि १८ इलेक्ट्रॉन, प्रभार −१, हाच क्लोराईड आयन. विरुद्ध प्रभार एकमेकांना ओढतात, ती ओढ म्हणजेच आयनिक बंध. ही चित्रं पाठ करू नकोस, रोज हातानं काढ.

नेहमीच्या चुका:

- 'दिला म्हणजे वजा' असं धरणं. इलेक्ट्रॉन स्वतः ऋण आहे, तो गेला की धन प्रभार उरतो. सगळ्यात जास्त मार्क इथंच जातात, म्हणून दरवेळी प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन मोजूनच प्रभार लिही.
- प्रोटॉनची संख्या बदलणं. केंद्रकाला हात लावायचा नाही.
- मिठात सुट्या जोड्या असतात असं समजणं. प्रत्येक सोडियम आयनाला सहा क्लोराईड चिकटून असतात, प्रत्येक क्लोराईडला सहा सोडियम. म्हणून तर मीठ वितळायला सुमारे ८०१ अंश सेल्सिअस लागतात!

जालक ऊर्जा (स्फटिकातले आयन एकमेकांना किती घट्ट धरून आहेत त्याचं माप) सध्या बाजूला ठेव. आज मॅग्नेशियम क्लोराईडचं चित्र काढ आणि क्लोरीन दोन का लागतात ते मला मराठीतच सांग.