फादर बदलतात, मग विद्यापीठ वाढतं कसं?

या वेळच्या टपालात एकाच विषयाची चार पत्रं एकदम आलीत, सगळी कॅथोलिक संस्थांच्या कॉलेज-विद्यापीठांबद्दल, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलतेय, रागावू नका.

प्रश्न: ताई, मी पुण्यातल्या एका कॅथोलिक संस्थेच्या कॉलेजात १४ वर्षं शिकवतोय. मी स्वतः ख्रिस्ती नाही. आता संस्थेला खासगी विद्यापीठ व्हायचंय, नवे फादर डायरेक्टर म्हणून आलेत, रोज मीटिंगा चालू आहेत आणि स्टाफरूममध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो पैसा आला की सगळं होतं, दुसरा म्हणतो वर माणूस चांगला पाहिजे. माझं नाव व्हिजन डॉक्युमेंटच्या कमिटीत घातलंय. परदेशात अशी विद्यापीठं मोठी झाली ती कशामुळे, ते सांगाल का?
(एक प्राध्यापक, पुणे)

उत्तर: सर, दोन्ही तटांचं म्हणणं खोटं नाही, पण मी ३१ वर्षं कॉलेजच्या ऑफिसात काढलीत त्यामुळे माझं लक्ष आधी चाव्यांकडे जातं. खऱ्या चाव्यांबद्दलच बोलतेय. मी नोकरीला लागले त्या कॉलेजात (कॅथोलिक नव्हतं, नाव राहू दे) केमिस्ट्रीच्या स्टोअरची चावी चेअरमनसाहेबांच्या ड्रॉवरमध्ये असायची, का तर सिल्व्हर नायट्रेट महाग. एकदा बीएस्सीचं प्रॅक्टिकल, एक्स्टर्नल येऊन बसलेले, चाळीस पोरं अ‍ॅप्रन घालून उभी आणि साहेब लग्नाला सांगलीला. शेवटी आमच्या हेडक्लार्कनी शेजारच्या कॉलेजातून बाटली उसनी आणली, रुमालात गुंडाळून, सायकलवर. आणि मग ती उसनी बाटली कुठल्या रजिस्टरला लावायची यावर महिनाभर कागद फिरत राहिले. त्या कॉलेजला पैसा कमी नव्हता हो, साहेबही मनाने वाईट नव्हते, पण त्यांच्या सहीशिवाय खडूचा डबा येत नव्हता आणि शिकवायला आलेली हुशार माणसं दोन-तीन वर्षांत दुसरीकडे निघून जायची.

आता अमेरिकेतलं नोटर डेम हे कॅथोलिक विद्यापीठ बघा. इंडियाना राज्यात साऊथ बेंडला १८४२ मध्ये होली क्रॉस या कॅथोलिक धर्मगुरूंच्या संघाच्या फादर एडवर्ड सोरिन या फ्रेंच धर्मगुरूंनी ते काढलं. १८७९ च्या एप्रिलमध्ये मुख्य इमारत जळाली, तेव्हा सोरिन पासष्टीला आलेले, तरी त्याच वर्षीचा नवा टर्म नव्या इमारतीत सुरू झाला. पण खरी मोठी झेप नंतरची. १९५२ मध्ये फादर थिओडोर हेसबर्ग अध्यक्ष झाले, वय ३५, आणि १९८७ पर्यंत म्हणजे आणखी ३५ वर्षं राहिले. ते आले तेव्हा ४,९७९ विद्यार्थी होते, गेले तेव्हा ९,६००. शिकवणारे ३८९ चे ९५० झाले. वर्षाचं बजेट ९७ लाख डॉलरवरून १७ कोटी ६६ लाखांवर गेलं आणि कॉर्पस, म्हणजे कायमची ठेव, ९० लाखांवरून ३५ कोटी डॉलरवर. मधल्या काळातली महागाई वजा केली तरी हे आकडे दांडगे आहेत.

तुमच्या कमिटीत हे आकडे कोणीतरी स्लाइडवर टाकेलच, पण त्याच्या शेजारी १९६७ हे सालही टाका. तोपर्यंत विद्यापीठाची मालकी आणि कारभार संघाकडे होता, बाहेरची माणसं होती ती सल्ला द्यायला. १९६७ मध्ये हेसबर्गनी स्वतः पुढाकार घेऊन कारभार नव्या विश्वस्त मंडळाकडे दिला आणि त्यात बहुमत धर्मगुरूंचं नाही, संसारी माणसांचं. वर 'फेलोज' म्हणून १२ जणांचं मंडळ ठेवलं, सहा संघाचे आणि सहा बाहेरचे, ते संस्थेचं कॅथोलिकपण सांभाळतात. त्याच वर्षी विस्कॉन्सिनमध्ये लँड ओ'लेक्स इथे कॅथोलिक विद्यापीठांचे प्रमुख जमले होते, हेसबर्गच त्यात पुढे होते, आणि त्यांनी लिहून दिलं की विद्यापीठ म्हणून नीट चालायचं तर बाहेरच्या कुठल्याही सत्तेपासून, मग ती सरकारी असो की धर्माची, खरी स्वायत्तता पाहिजे. चर्चमध्ये यावर बराच वाद झाला, अजून होतो, कॅथोलिक विद्यापीठांनी कॅथोलिक ओळख कशी राखावी याचे नियम पोप जॉन पॉल दुसरे यांनी पुढे १९९० मध्ये काढले. मुलींना तिथे पदवीला प्रवेश १९७२ मध्ये मिळाला, तो निर्णयही हेसबर्गच्याच काळातला.

सांगायचं म्हणजे स्वतःच्या हातातलं काढून दुसऱ्याला देणारा माणूस वर होता. मोठी देणगी देणारा, स्वतः उद्योग चालवलेला माणूस नुसता सल्ला द्यायला किती वर्षं येईल? तो ज्या खुर्चीत बसतो तिला मत असलं की तो हिशेब वाचतो, प्रश्न विचारतो आणि मग मित्रांनाही घेऊन येतो. माझ्या मते तिथला पैसा बऱ्याच अंशी असाच आला. म्हणून सर, व्हिजन डॉक्युमेंटमध्ये इमारतींची चित्रं दोन कमी चालतील, पण कुठली सही कोण करणार हे साध्या भाषेत लिहून घ्या. विभागप्रमुखाला किती रुपयांपर्यंत खर्च करता येईल, नेमणुकीच्या मुलाखतीला विषयातले बाहेरचे किती जण असतील, बोर्डावर संघाबाहेरचे किती आणि त्यांना मत असेल का. तुम्ही ख्रिस्ती नाही म्हणून हे विचारायला बिचकू नका, उलट तुम्हीच विचारलेलं बरं.

आणि पुणेकरांना हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ ची, फर्ग्युसन १८८५ चं, तिथली आजीव सदस्यांची पद्धत आठवा, थोडक्या पगारात आयुष्याची वर्षंच्या वर्षं संस्थेला द्यायची. टिळकांच्या डोळ्यांसमोर तेव्हा जेझुइट या कॅथोलिक संघाच्या फादरांसारखा त्याग होता, आणि १८९० मध्ये ते सोसायटीतून बाहेर पडले त्या भांडणात आजीव सदस्याने बाहेरची कमाई करावी का, हा एक मोठा मुद्दा होता. म्हणजे लीडरने संस्थेतून किती घ्यायचं आणि किती द्यायचं ही चर्चा आपल्या गावात सव्वाशे वर्षांहून जुनी आहे.

प्रश्न: आमच्या कॉलेजात दर पाच-सहा वर्षांनी फादर बदलतात. जरा घडी बसली की बदली. नवे आले की आधीच्यांचं सगळं मोडून पुन्हा श्रीगणेशा. अशाने संस्था कशी वाढणार?
(ऑफिस सुपरिंटेंडेंट, पिंपरी)

उत्तर: तुमचं दुःख मला आतून कळतं, नव्या साहेबांना तीच फाईल पहिल्यापासून समजावून सांगण्यात माझीही बरीच वर्षं गेलीत. पण बदलीमागचं कारण समजून घ्या. नोटर डेमचा अध्यक्ष हा तिथल्या धर्मगुरूंच्या घराचा वरिष्ठही असायचा आणि चर्चच्या कायद्याप्रमाणे त्या वरिष्ठाला सहा वर्षांच्या वर राहता येत नव्हतं, म्हणून सहा वर्षं झाली की अध्यक्षही जायचा. १९५८ मध्ये ही दोन पदं वेगळी केली, घराचा वरिष्ठ वेगळा आणि विद्यापीठाचा अध्यक्ष वेगळा, तेव्हा कुठे हेसबर्गना पुढची वर्षं मिळाली. १९५२ पासून आजवर तिथे फक्त चार अध्यक्ष झालेत आणि चौघेही होली क्रॉसचे धर्मगुरू. तुमच्याकडे या दोन जबाबदाऱ्या एकाच फादरांच्या गळ्यात असतील तर आधी तिथे बोट ठेवा, फादरांच्या संघाच्या प्रांतप्रमुखांना रीतसर पत्र लिहा, स्टाफने मिळून.

दुसरा रस्ता, प्रमुख संघाबाहेरचा. वॉशिंग्टनचं जॉर्जटाउन १७८९ चं, जेझुइटांचं, तिथे धर्मगुरू नसलेला पहिला अध्यक्ष आला २००१ मध्ये, जॉन डिजोइया, आणि ते दोन दशकांच्या वर राहिले. लांब कशाला, मुंबईचं सेंट झेवियर्स १८६९ चं, तिथे जेझुइट नसलेले पहिले प्राचार्य अ‍ॅग्नेलो मेनेझिस २०१५ मध्ये आले आणि त्यांच्यानंतर राजेंद्र शिंदे. म्हणजे कॉलेज संघाचं, परंपरा संघाची आणि रोजचा कारभार आपल्यासारख्या माणसाकडे, हे इथेही झालंय.

फक्त एक, बदली नको म्हणताना तिचा फायदाही लक्षात घ्या. महाराष्ट्रात आपण काय बघतो, साहेबांनी संस्था काढली की मुलगा सेक्रेटरी, सून प्रिन्सिपल, नातू कोऱ्या गाडीतून इन्स्पेक्शनला. फादरला मूलबाळ नाही, गरिबीचं व्रत घेतलेलं असतं, पगार संघाच्या सामायिक खात्यात जातो, खुर्ची पुढे कोणाला द्यायची याची घरात भांडणं नाहीत. कित्येक संस्था शंभर-शंभर वर्षं टिकल्या त्याला हेही एक मोठं कारण आहे असं मला मनापासून वाटतं. तोवर तुम्ही हातातलं करा. पाच वर्षांचा आराखडा गव्हर्निंग बॉडीच्या ठरावात घालून घ्या आणि इतिवृत्तावर सह्या घ्या, नवे फादर आले तर ठराव बदलायला त्यांना बॉडीसमोर जावं लागेल.

प्रश्न: ताई, मुलीला एका कॅथोलिक विद्यापीठात अ‍ॅडमिशन मिळतेय, हॉस्टेलला राहणार. सासूबाई म्हणतात तिथे चर्चमध्ये बसवतील, धर्म बदलायला लावतील. मला शिक्षण चांगलं वाटतंय पण मन धजत नाही.
(एक आई, कोथरूड)

उत्तर: सासूबाईंना रागाने गप्प करू नका, काळजी नातीचीच आहे. त्यांना सांगा की घटनेच्या कलम २८ मध्येच लिहिलंय, सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेत कोणालाही संमतीशिवाय धर्मशिक्षण किंवा प्रार्थना सक्तीची करता येत नाही, आणि मुलगी कायद्याने सज्ञान नसेल तर पालकांची संमती लागते. कलम ३० ने अल्पसंख्याकांना संस्था काढायचा आणि चालवायचा हक्क दिलाय, तो याच्या आड येत नाही.

या संस्थांचा इतिहासही सासूबाईंना आवडेल असा आहे. बंगळूरचं ख्राइस्ट, ज्यांचा लवासालाही कॅम्पस आहे, ते केरळमधल्या सीएमआय या कॅथोलिक धर्मगुरूंच्या संघाचं. कॉलेज निघालं १९६९ मध्ये आणि २००८ मध्ये अभिमत विद्यापीठ झालं. त्या संघाच्या संस्थापकांपैकी एक, फादर कुरियाकोस चावरा, यांनी १८४६ मध्ये मन्नानमला संस्कृतची शाळा काढली होती, आणि १८६४ मध्ये प्रत्येक चर्चला जोडून शाळा काढायला लावली. आपल्या भाऊराव पाटलांनी गावोगाव शाळा काढल्या त्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. २०१४ मध्ये त्यांना संतपद मिळालं.

एवढं सांगून झालं की स्वतः एकदा जाऊन या, रविवारी नको, कामाच्या दिवशी. मेसमध्ये जेवा, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींशी बोला, हॉस्टेलचे नियम आणि फी परत मिळण्याचे नियम लेखी मागून घ्या. शिस्त कडक असते, हजेरी कडक असते, त्याची मुलीला आधीच कल्पना द्या. चर्चपेक्षा सकाळच्या हजेरीचाच तिला जास्त त्रास होईल, मी बऱ्याच मुलींकडून हेच ऐकलंय.

प्रश्न: औंधचं स्पायसर कॅथोलिक विद्यापीठच ना?
(एक वाचक, बाणेर)

उत्तर: नाही. ते सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचं आहे, प्रोटेस्टंट परंपरेतलं, रोमच्या पोपशी त्याचा संबंध नाही. राज्याच्या २०१४ च्या कायद्याने ते विद्यापीठ झालं. पुण्यातलं जुनं कॅथोलिक उच्च शिक्षणाचं ठिकाण बघायचं असेल तर नगर रोडवरचं ज्ञानदीप, श्रीलंकेत कँडीला होतं ते १९५५ मध्ये इथे आलं, तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र शिकवतात.