बाळ झाल्यावर वडिलांच्या शरीरातही काही बदलतं का, की माया फक्त आईलाच फुटते?

बदलतं, आणि मोजता येईल इतकं बदलतं. फिलिपाईन्समधल्या सेबू परिसरात ६२४ तरुणांच्या लाळेतलं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे मुख्य पुरुषी हार्मोन, २००५ मध्ये मोजलं, मग २००९ मध्ये पुन्हा. सुरुवातीला ज्यांची पातळी जास्त होती, तेच पुढे जोडीदार मिळवून बाप होण्याची शक्यता जास्त होती. पण बाप झाल्यावर त्यांचीच पातळी बरीच उतरली: सकाळची साधारण २६ टक्क्यांनी, संध्याकाळची ३४ टक्क्यांनी. रोज तीन तास किंवा जास्त वेळ मुलांचं करणाऱ्यांची पातळी तर, मुलांचं काहीच न करणाऱ्या बापांपेक्षा कमी निघाली. हा आजार नव्हे, कृपा करून तसं समजू नका. जोडीदार शोधण्याकडे लागलेलं शरीर आता संगोपनाकडे वळतंय.

बाळाला हाताळताना, खेळवताना बापाच्या शरीरातही ऑक्सिटोसिन, म्हणजे माया-जवळीक जोडणारं हार्मोन, काम करतं. त्यासाठी गरोदरपण लागत नाही, सहवास लागतो. म्हणून ‘त्यांना जमणार नाही’ म्हणत बाळ त्यांच्या हातातून काढून घेऊ नका. दूध पाजून झालं की खांद्यावर दुपटं टाका, बाळ त्यांच्याकडे द्या. ढेकर त्यांनाच काढू दे.