कर्मचाऱ्यांच्या रजा-सवलती वाढवल्या आणि कामाचे तास कमी केले, तर परदेशी कंपन्या भारतातलं काम काढून दुसरीकडे नेतील का?

नाही नेणार. निदान ऑफिसचं काम तरी नाही. खरं सांगायचं तर मी लिहायला बसले ते प्रश्नाखाली तुम्ही जी ओळ टाकलीय तिच्यासाठी, की २६ आठवड्यांच्या प्रसूती रजेने आपल्याकडच्या बायका 'महाग' करून ठेवल्या.

मी नवी मुंबईत ऐरोलीला जर्मन क्लायंटचं पेरोल बघते. तिकडच्या माणसाचा पगार, रजा, आजारपण हे सगळं आम्ही ठाणे-बेलापूर रोडवर बसून मोजतो. तिकडे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा इथे थंडीत दीड आणि उन्हाळ्यात साडेबारा, म्हणून ही शिफ्ट सुखाची समजतात. तिकडे ऑगस्टात समोरच्याचा फोन उचलायला कोणी नसतं, आणि इकडे गणपतीत दोन दिवस मागितले की टीम लीडचं तोंड उतरतं. असो.

आधी हिशेब. एक आठवडा भरपगारी रजा वाढवली तर वर्षाच्या पगारखर्चात दोन टक्क्यांच्या आसपास फरक पडतो, कारण ५२ मधला एक आठवडा. जर्मनीतला पगार आणि ऐरोलीतला पगार यांत काही पटींचं अंतर आहे. दोन टक्क्यांसाठी कोणी गाशा गुंडाळून फिलिपिन्सचं मनिला गाठत नाही. उलट कामात मुरलेला माणूस पेपर टाकून, म्हणजे राजीनामा देऊन गेला की नव्याला काम शिकवून तो एकट्याने महिन्याचे पगार काढेपर्यंत जीव जातो, आणि तो खर्च कोणाच्या शीटमध्ये दिसत नाही. शिवाय अमेरिकेकडे बघा. तिथे खाजगी नोकरीत केंद्रीय कायद्याने एक दिवसही भरपगारी रजा नाही. १९९३ च्या कायद्याने मिळणारी १२ आठवड्यांची रजासुद्धा बिनपगारी. तरी आपल्या आयटी-बीपीओला सगळ्यात जास्त काम अमेरिकेतूनच येतं. रजांच्या ओझ्याने नोकऱ्या पळत असत्या तर अमेरिकेतल्या जागच्या हलल्या नसत्या.

रजेचा परिणाम होतो तो दुसरीकडे. तिचं बिल कोणाच्या नावावर फाटतं, त्यावर कोणाला घ्यायचं आणि कोणाला नाही हे ठरतं.

क्लायंटकडची जी बाई आमच्याशी रोज बोलायची, ती गरोदर राहिली. जर्मनीत बाळंतपणाआधी ६ आणि नंतर ८ आठवडे संरक्षण. त्या काळात आरोग्य विमा संस्था दिवसाला १३ युरोपर्यंत देते आणि वरची रक्कम मालक. म्हणजे मालकच बुडाला, असं वाटेल. पण ती त्याला पूर्ण परत मिळते. तिथला प्रत्येक मालक, त्याच्याकडे एकही बाई कामाला नसली तरी, पगाराच्या प्रमाणात 'यू-२' नावाची वर्गणी भरतो. सोसायटीच्या दुरुस्ती फंडासारखं, गळती कोणाच्याही घरात असो. माझ्या स्क्रीनवर ती ओळ दर महिन्याला असते. पुढे पालकरजेत सरकार पैसे देतं, आधीच्या निव्वळ पगाराच्या दोन तृतीयांशाच्या आसपास, जास्तीत जास्त महिना १८०० युरो. बाई वर्षभर घरी राहिली. तिचं निम्मं काम ऐरोलीने ओढलं आणि त्यातलं बरंचसं मी. कौतुकाची मेलही आली. ती परतली तेव्हा तिचं काम जागच्या जागी होतं, हँडओव्हर मीच दिला.

मग बाळंतपणाची वेळ माझ्यावर आली. रजा मिळाली, ती कायद्याने मिळतेच. २०१७ च्या दुरुस्तीने १२ आठवड्यांचे २६ झाले. पण ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, त्याच्या महिना २१,००० च्या मर्यादेपेक्षा पगार जास्त असला की सगळा खर्च तुमच्या कंपनीचा. त्याखालच्या मुलीचे पैसे महामंडळ देतं. मी परत आले तर माझी प्रोसेस, म्हणजे ते जर्मन क्लायंटचं काम, दुसऱ्याच्या नावावर. "तू नव्हतीस ना, क्लायंटला कंटिन्युइटी हवी." मला अमेरिकेच्या प्रोसेसवर टाकलं, संध्याकाळी साडेसात ते पहाटे साडेचार. बाळ जेमतेम सहा महिन्यांचं, खारीगावला सासूबाईंकडे.

मी म्हटलं, रात्री साडेनऊनंतर बाईला थांबवायला महाराष्ट्राच्या दुकाने-आस्थापना कायद्याप्रमाणे तिची संमती लागते. एचआरने शांतपणे फाइल काढली. संमती होती. जॉइनिंगच्या दिवशी पीएफ, बँक, आयकार्डच्या गठ्ठ्यात मी तीही सही ठोकलेली, तारीख माझ्या लग्नाच्याही आधीची. मग पाळणाघर मागितलं, ५० माणसांवर ते सक्तीचं आहे. तर म्हणे टाय-अप आहे की! होतंच. ते संध्याकाळी सातला बंद व्हायचं.

मी सोडली नाही नोकरी. माझ्या जागी आलेला मुलगा जास्त पगारावर निघून गेला आणि जर्मन पेरोल येणारं फ्लोअरवर दुसरं कोणी उरलं नाही, तेव्हा बरोबर बोलावलं परत.

आता आमचे भाऊजी. स्टुटगार्टला असतात. दिवाळीत जेवायला बसल्यावर म्हणाले, "वहिनी, एवढी रजा दिली तर कंपन्या बायकांना घेणारच नाहीत. साधं इकॉनॉमिक्स आहे." शेजारी त्यांचं लेकरू, ज्याच्यासाठी स्वतः दोन महिने पालकरजा घेऊन बसले होते, सरकारी पैशावर. मी वाढता वाढता थांबले आणि यू-२ सांगायला लागले, तर नवरा म्हणतो, भाजी गार होतेय.

पण हाच मुद्दा आहे हो. रजा कमी करा हे उत्तर नाही, वर्गणी सगळ्यांकडून घ्या हे उत्तर आहे. प्रसूतीचा भार एकट्या मालकावर टाकू नये, असं आयएलओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा, २००० सालचा करार क्रमांक १८३ सांगतो. तो भारताने अजून स्वीकारलेला नाही. ईएसआयचं यंत्र आपल्याकडे तयार आहे, मर्यादा तेवढी वर न्या.

हे सगळं ऑफिसच्या कामाचं झालं. शिवणकाम, चप्पल-बूट अशा धंद्यात नफा इतका पातळ असतो की तिथे तासांच्या नियमाने ऑर्डर बांगलादेश-व्हिएतनामला सरकू शकते. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांत दिवसाचे तास ९ वरून १२ पर्यंत न्यायला मंजुरी दिली ती याच भीतीपोटी, असं मला वाटतं. रबाळे-महापेच्या कंत्राटी कामगाराला तर मी वर लिहिलेलं काहीच धड मिळत नाही, त्याच्यासमोर माझं गाऱ्हाणं खुर्चीतलं आहे. आणि जर्मनीतही पालकरजेवरून परतलेल्या बायका बऱ्याचदा अर्धवेळ कामात अडकतात, ते स्वर्ग नाही.

तुम्ही नोकरी शोधत असाल तर नाइट शिफ्टच्या संमतीवर जॉइनिंगच्या दिवशी सही करू नका, वेळ येईल तेव्हा देईन म्हणा. तुम्ही नोकरी देणारे असाल तर बायका महाग आहेत म्हणण्याआधी पेपर टाकून गेलेल्या पुरुषांचा खर्च मांडा. आणि भाऊजी, हे तुमच्यापर्यंत पोचणारच आहे, तर तुमच्या कंपनीच्या पेरोलवाल्याला एकदा यू-२ विचारा. तो ऐरोलीतच बसलेला निघाला तर मराठीत विचारा.